होळी ते रंगपंचमी

कार्ले हे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातले गाव. येथील डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत आणि लेण्यांशेजारीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. फाल्गुन महिना आला, की मावळात पळस फुलतो. उर्दूत त्याला आपण टेसू म्हणतो. त्याची फुले पाण्यात उकळली, की केशरी रंग तयार होतो. पूर्वी लोक याच रंगाने रंग खेळत.

महाराष्ट्रात हा सण एका दिवसात संपत नाही. फाल्गुन पौर्णिमेला संध्याकाळी होळी पेटवतात. घरोघरी पुरणपोळी करतात. दुसऱ्या दिवशी धुळवड असते. पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी रंगपंचमी येते.

प्रत्येक भागाची रीत वेगळी आहे. कोकणात या सणाला शिमगा म्हणतात. तेथे ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. समुद्रकाठचे कोळी बांधव होड्या सजवून त्यांची पूजा करतात. पुढे चैत्रात हेच कोळी बांधव एकवीरेच्या यात्रेला कार्ल्याला येतात. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावी, आदिवासी उंच बांबू उभारतात आणि ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात.

होळी नेहमी वसंतातच येते. ईद मात्र कधी उन्हाळ्यात, तर कधी थंडीत येते. असे का? चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. सूर्याचे वर्ष मात्र ३६५ दिवसांचे असते. हिंदू पंचांगात सुमारे अडीच-तीन वर्षांनी एक अधिक महिना धरून हा फरक भरून काढतात. हिजरी सनात तसे करीत नाहीत. म्हणून आपले सण दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतात.

त्यामुळे कधी कधी दोन्हींचे दिवस एकत्र येतात. १४ मार्च २०२५ रोजी धुळवड होती, रमजान होता आणि शुक्रवारही होता. अशा वेळी रोजेदारावर रंग टाकू नये आणि रंग खेळणाऱ्याला नावे ठेवू नयेत. ही जबाबदारी दोघांचीही आहे. खरे तर कोणाच्याही अंगावर त्याच्या इच्छेविरुद्ध रंग टाकणे चुकीचेच.

आग्र्याचे उर्दू शायर नजीर अकबराबादी यांनी ईदवर लिहिले, तसेच होळीवरही लिहिले. मित्रांनो, शेजाऱ्याचा सण आपण साजरा केलाच पाहिजे असे नाही. पण तो समजून जरूर घ्यावा. समजून घेतले, की परकेपणा उरत नाही.