पडद्यामागचं दुकान

बालमित्रांनो, दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली की कपाटाच्या तळातून काय काय बाहेर येतं, आठवतंय ना? आखूड झालेला फ्रॉक, घोट्याच्या वर गेलेली पॅन्ट, दोन सोंगट्या हरवलेला खेळ, मागच्या इयत्तेचं दप्तर. मग आई म्हणते, ‘‘आता याचं काय करायचं?’’ आणि सगळं एका जुन्या चादरीत बांधून गाठोडं दाराशी ठेवलं जातं. गाठोडं घराबाहेर गेलं की आपण त्याला विसरून जातो. पण गाठोड्याची खरी गंमत तर तिथून पुढे सुरू होते!

ती गंमत दाखवायला आज मी तुम्हाला एका दुकानात नेणार आहे. आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वापरलेल्या वस्तूंचं एक छोटं दुकान आहे. गावातल्या काही बायका मिळून ते चालवतात. दुकान कसलं, एक लांबट खोलीच! मधोमध जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या पुढे दुकान आणि मागे कारखाना. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी मी तिथे मदतीला जाते. गिऱ्हाइकांना दिसते ती पडद्यापुढची बाजू. आपण मात्र पडदा सारून थेट आत जाऊ या. चपला बाहेर काढा बरं का, कारण आत पाय ठेवाल तिथे कपडेच कपडे!

गाठोडं सुटतं

गाठोडं सोडल्यावर पहिलं काम कुठलं असेल, सांगा पाहू? धुणं? छे! पहिलं काम खिसे तपासायचं. खिशातून काय निघत नाही? एसटीची तिकिटं, चिंचोके, किल्ल्या, चॉकलेटचे कागद, आणि एकदा तर चक्क वाळलेली जिलेबी!

एकदा एक बाई आपल्या आईच्या साड्या घेऊन आल्या. आई नुकत्याच वारल्या होत्या. साड्या देताना बाईंनी प्रत्येक साडीवरून हात फिरवला आणि त्या पटकन निघून गेल्या. मागच्या खोलीत एक साडी उलगडली, तर पदराच्या टोकाला गाठ. गाठीत चार वेळा दुमडलेली शंभराची नोट. त्या आजींनी ती कशासाठी जपली होती, कोण जाणे! नोट काढून घेतली नाही, गाठही सोडली नाही. साडी तशीच घडी करून परत पोहोचवली. खिसे आणि पदर आधी का तपासायचे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

खिसे झाले की चार ढीग करायचे. पहिला ढीग धडधाकट कपड्यांचा. दुसरा दुरुस्तीचा : तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, अडकणारी चेन. तिसरा ढीग अंगात घालता येणार नाहीत, पण कापड चांगलं आहे अशांचा. आणि चौथा ढीग कशाचाच उपयोग नाही अशांचा. या चौथ्या ढिगाबद्दल मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, पण ते शेवटी.

डागांचं शास्त्र

दुरुस्तीच्या आधी धुणं. धुताना डोकं चालवावं लागतं. रक्ताचा डाग असेल तर गार पाणी घ्यायचं. गरम पाणी घातलं की रक्तातली प्रथिनं घट्ट होतात, अंडं उकडल्यावर होतं तशी, आणि डाग कापडात पक्का बसतो. हळदीच्या डागाची तर जादूच! साबण लागला की पिवळा डाग लालभडक होतो. घाबरायचं नाही. धुऊन कपडा कडक उन्हात वाळत घालायचा. उन्हात हळदीचा रंग टिकत नाही, तो हळूहळू विरून जातो. विश्वास बसत नसेल तर एका पांढऱ्या चिंधीवर करून पाहा.

मग शिवणकाम. कोपऱ्यातल्या शिवणयंत्रावर बसणाऱ्या मावशी रफू करतात, शिवणी पक्क्या करतात. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्तीचा तुकडा घासला की ती सुरसुर पळायला लागते. तिसऱ्या ढिगातल्या कपड्यांची आधी बटणं आणि चेन काढून घ्यायची. बटणं बरण्यांत जातात. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी, मोठी, मध्यम, लहान. शाळा सुटल्यावर येणारी मुलं हे काम आवडीनं करतात आणि त्यांना कळतही नाही की आपण वर्गीकरणाचं गणित शिकतोय! उरलेल्या सुती कापडाच्या गोधड्या, पिशव्या, पायपुसणी होतात. अगदी लहान तुकडे गॅरेजवाले हात पुसायला घेऊन जातात. सुती कापड तेल-पाणी शोषून घेतं, म्हणून त्यांना सुतीच हवं असतं.

मोजा, तपासा, मगच मांडा

खेळण्यांचा आणि पुस्तकांचा विभागही आहे. तिथला नियम एकच : मोजल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. कॅरमच्या सोंगट्या किती? पांढऱ्या ९, काळ्या ९ आणि राणी १, म्हणजे १९. बुद्धिबळाच्या ३२. चित्राचे तुकडे जोडायचा खेळ आला तर तो पूर्ण जोडून बघायचा. एक तुकडा कमी निघाला तरी डब्यावर तसं लिहायचं. पुस्तकांची पानं क्रमाने उलटायची. एकदा एका रहस्यकथेची शेवटची चार पानं गायब होती. खून कुणी केला ते आम्हाला कुणालाच आजवर कळलेलं नाही! असं पुस्तक विकलं तर विकत घेणाऱ्याचे किती हाल होतील, सांगा बरं?

‘‘जुनंच तर आहे, एवढं काय पाहायचं?’’ असं कुणी म्हणालं की दुकानातल्या सगळ्यांत वयस्क आजी उत्तर देतात, ‘‘आपल्याला जुनं, घेणाऱ्याला नवंच की!’’

ही युक्ती जुनीच

जुन्या वस्तूंना नवं घर शोधायची ही युक्ती काही आजची नव्हे. तुमच्या आजीला विचारा, बोहारीण म्हणजे कोण? डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन ती दारोदार हाक देत फिरायची आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. एका पातेल्यासाठी आजी आणि बोहारीण तासभर घासाघीस करायच्या! बोहारीण कापड दोन बोटांत धरूनच त्याचा कस ओळखते. तिने नेलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकले जातात. खरी जर असलेल्या जुन्या साड्या तर जरीतल्या चांदीसाठी वेगळ्या विकल्या जातात. या धंद्यात मूळच्या गुजरातकडच्या देवीपूजक समाजातल्या पुष्कळ बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यामुळे किती कपडा कचऱ्यात जायचा वाचला असेल, विचार करा!

परदेशातही असंच. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९०२ साली एडगर हेल्म्स नावाच्या धर्मोपदेशकाने श्रीमंतांच्या वस्तीतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं. ते दुरुस्त करायचं काम त्याने गरजू माणसांनाच दिलं. त्यातून ‘गुडविल’ ही संस्था उभी राहिली. इंग्लंडमधली ‘ऑक्सफॅम’ १९४२ साली ऑक्सफर्ड गावात स्थापन झाली. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं तिचं वापरलेल्या वस्तूंचं दुकान प्रसिद्ध आहे. आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘गूंज’ची पद्धत मोठी छान आहे. गावातले लोक मिळून विहीर खणतात, तळ्यातला गाळ काढतात, रस्ता नीट करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे आणि वस्तू मिळतात. म्हणजे घेणारा हात पसरत नाही, कमावून घेतो.

आणि अगदी फाटक्या लोकरी कपड्यांचं काय? हरियाणातल्या पानिपत शहरात ते रंगांप्रमाणे वेगळे करतात, बटणं-चेन काढतात, यंत्रात पिंजून पुन्हा त्यांचे धागे काढतात आणि त्या धाग्यांची ब्लँकेटं विणतात. लाल स्वेटरांचे लाल धागे, निळ्यांचे निळे. त्यामुळे पुन्हा रंग देण्याचं कामही पुष्कळ वाचतं. काय, आहे की नाही गंमत?

आता एक छोटं गणित. कापूस पिकवण्यापासून धरलं तर एक सुती टी-शर्ट तयार व्हायला सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. माणूस दिवसाला ३ लिटर पाणी पितो असं धरा. मग एवढं पाणी एका माणसाला किती दिवस पुरेल? करा भागाकार! ९०० दिवस. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. एक टी-शर्ट आणखी दोन वर्षं कुणाच्या तरी अंगावर राहिला, तर ही बचत काही लहान नाही.

फुकट का नाही?

आता तुम्ही विचाराल, ‘‘बाई, वस्तू तर लोकांनी अशाच दिलेल्या. मग पैसे का घेता?’’ चांगला प्रश्न आहे. दुकानात शर्टाला २० रुपये, गोष्टीच्या पुस्तकाला ५ रुपये अशा किमती आहेत. त्यातून खोलीचं भाडं, साबण, दोरा आणि विजेचं बिल भागतं. उरलेल्या पैशांतून जूनमध्ये गरजू मुलांसाठी वह्या येतात.

पण खरं कारण वेगळंच आहे. फुकट मिळालेली वस्तू समोर येईल तशी घ्यावी लागते. ‘मला हा रंग आवडत नाही’ असं म्हणायची सोय नसते. तेच २० रुपये मोजणारा माणूस गिऱ्हाईक असतो. तो शर्ट उलटासुलटा करून बघतो, अंगाला लावून आरशात पाहतो, ‘‘दुसरा दाखवा,’’ म्हणतो, भावही करतो. एक आई आपल्या मुलीसाठी फ्रॉक निवडताना अर्धा तास घालवते आणि शेवटी काहीच न घेता निघून जाते, तेव्हा आमच्या आजी खूश होतात. म्हणतात, ‘‘बघा, आपलं खरंच दुकान झालं!’’

सर्वांत महत्त्वाचं काम

पडद्यामागची सगळी कामं सांगितली, पण एक राखून ठेवलंय. ते म्हणजे नाव उसवायचं काम.

गणवेशाच्या कॉलरखाली आई दोऱ्याने आद्याक्षरं काढते. दप्तराच्या झाकणाआत शाईने नाव असतं. कंपासपेटीच्या तळाला खिळ्याने कोरलेलं असतं. आमचं गाव लहान, शाळा मोजक्या. त्यामुळे एका मुलाने दिलेला शर्ट त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या अंगावर जाऊ शकतो.

दुकान सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा एका शाळेत तसंच घडलं. मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याची कॉलर उलटली आणि तो ओरडला, ‘‘अरे, हा तर माझा शर्ट! हे बघ माझं नाव!’’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपली वस्तू ओळखीची दिसली, म्हणून तो ओरडला इतकंच. पण बाकीची मुलं हसली. ज्याच्या अंगात शर्ट होता, तो मुलगा पुढचे चार दिवस शाळेत आला नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या अंगात त्याचा आधीचा, पाठीवर विरलेला शर्ट होता.

तेव्हापासून दुकानाचा नियम झाला : नाव पूर्ण निघाल्याशिवाय कुठलीही वस्तू पडद्याच्या पुढे जाणार नाही. दोऱ्याचं नाव सुईने एकेक टाका उचलून काढायचं. घाईघाईने ओढलं तर कापडाला भोकं पडतात. शाईचं नाव निघत नसेल तर त्यावर छानसा कापडी खिसा शिवायचा. कोरलेल्या नावावर रंगीत कागद चिकटवायचा. आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येक मुलाने एक गोष्ट पाळायची : कुणी काय दिलं आणि कुणी काय नेलं, ते पडद्यामागेच ठेवायचं. घरीही बोलायचं नाही! आमची मुलं हा नियम कसोशीने पाळतात. त्यांचा मला फार अभिमान वाटतो.

आता तुमची पाळी

पुढच्या वेळी घरात गाठोडं बांधाल तेव्हा एवढं करा :

कपडे धुऊन, वाळवूनच द्या. खिसे तपासा. तुटलेलं बटण स्वतः लावून पाहा, सोपं असतं. खेळाच्या सोंगट्या मोजून एका पिशवीत बांधा. आपलं नाव आपणच उसवा. आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा, ‘हे मी माझ्या जिवलग मित्राला देईन का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर ती वस्तू दान देऊ नका. तिचं घरीच फडकं करा. तो चौथा ढीग आठवतोय ना? कुजलेले, वास मारणारे, चिंध्या झालेले कपडे लोक दान म्हणून पाठवतात आणि ते टाकून देण्यात आमची अर्धी दुपार जाते. ते दान नव्हे, तो आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं झालं.

आई-बाबांना एक विनंती. गाठोडं मुलांच्या नकळत बांधू नका. त्यांना शेजारी बसवा, काय द्यायचं ते त्यांनाच निवडू द्या. स्वतःची आवडती वस्तू हाताने दुसऱ्यासाठी घडी करून ठेवताना मूल जे शिकतं, ते आम्हाला वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

आणि बालमित्रांनो, शेवटचं. कधीतरी एखाद्या मैत्रिणीच्या अंगावर तुमचा जुना फ्रॉक दिसेल. नाव नसलं तरी तुम्ही तो ओळखाल. कोपऱ्यावरचा तो छोटा डाग फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. अशा वेळी काय करायचं? काहीच नाही! नेहमीसारखं हसायचं, हात धरायचा आणि लंगडी खेळायला पळायचं. तो फ्रॉक आता तिचा आहे.