पंप खोलल्याने गाडीची ओढ वाढते काय?

आंबिया बहाराची संत्री उतरू लागली म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत पिकअप गाड्यांना उसंत राहत नाही. नागपूरकडचा रस्ता त्या मानाने सुखाचा आहे. परंतु सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालेल्या गाडीस सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो, आणि पांढुर्ण्याहून मुलताईकडे जाणाऱ्या गाडीलाही सातपुड्याचे पठार गाठावयाचे असते. भरलेली गाडी चढावर धापा टाकू लागली, मागे जोडलेली ट्रॉली तिला मागे खेचू लागली, की मालकाच्या मनात एकच विचार येतो : मिस्त्रीकडून पंप थोडा ‘खोलून’ घ्यावा. मिस्त्री स्क्रू फिरवितो, गाडी खरोखरच चपळ होते, आणि सौदा स्वस्तात पटल्यासारखा वाटतो.

या चपळाईचे मूळ काय ते पाहिले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या एंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. चालक पायाने हवा कमीजास्त करीत नाही. कमीजास्त होते ते डिझेल. म्हणून पंपाची मर्यादा सैल केली की अधिक डिझेल जाते व जोर वाढतो. मात्र एक लिटर डिझेल पुरते जळावयास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. टर्बो नसलेल्या एंजिनात सिलिंडर जेवढा तेवढीच हवा. ती स्क्रूने वाढत नाही. कारखान्याने ठरविलेल्या मापात थोडी हवा शिल्लक राखलेली असते, तेवढ्यापुरता लाभ होतो. त्यापुढचे डिझेल अर्धवट जळून काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. तो धूर म्हणजे मालकाच्याच खिशातील पैसा होय. काही चालक मात्र त्यालाच ताकदीची खूण मानतात!

धुरापेक्षा उष्णता अधिक घातक. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. सपाट रस्त्यावर अधिक डिझेल क्षणभरच जाते. घाटात ते सलग पंधरा-वीस मिनिटे जात राहते. पिस्टनचा माथा जळणे, हेड गॅस्केट फुटणे, टर्बो निकामी होणे हे प्रकार म्हणूनच बहुधा चढावर घडतात. क्लच आणि डिफरन्शियल तर मूळच्याच जोरासाठी घडविलेले असतात. अलीकडच्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत, स्क्रूची जागा संगणकाने घेतली आहे. तेथे ‘चिप’ बदलून हाच उद्योग केला जातो, आणि वाढलेली काजळी धूर गाळणाऱ्या यंत्रणेत साचून ती तुंबते.

वस्तुतः घाटात उणीव असते ती बहुधा ताकदीची नव्हे. तीन टन वजन पंधरास एक या चढावर ताशी वीस किलोमीटर वेगाने वर न्यावयास चढापुरती सुमारे १५ अश्वशक्ती लागते, चाळीसच्या वेगाने ३०. साठ-सत्तर अश्वशक्तीच्या एंजिनास हे जड नाही. जड जाते ते तिसऱ्या गिअरमध्ये चढण्याचा हट्ट धरल्यामुळे. पहिल्या गिअरमध्ये चाकावरील ओढ तिसऱ्याच्या जवळजवळ अडीच-तीन पट असते. घाई सोडली तर ही ओढ फुकटच मिळते.

निरोगी गाडीही ओढेनाशी झाली असेल तर आधी हवेची जाळी पाहावी. कापसाच्या हंगामातील धूळ आणि तंतू तिचा श्वास कोंडतात. डिझेलची गाळणी बदलावी, नोझल तपासून घ्यावीत, टायरांतील हवा मोजावी. पंप उघडावाच लागला तर तो चाचणी-यंत्रावर बसवून कारखान्याच्या मापास लावून घ्यावा; कानाने ऐकून लावलेला पंप चारही सिलिंडरांना सारखे डिझेल देईलच असे नाही.

कायद्याची बाजूही थोडकी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार निषिद्ध केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. अपघात झाल्यास विमा कंपनी या फेरफारावरच बोट ठेवील, आणि कर्जाचे हप्ते तर थांबत नाहीत.

आणि चढलेली गाडी कधीतरी उतरतेच. वाढविलेल्या पंपाच्या भरवशावर जे जादा वजन लादले, त्यासाठी ब्रेक कोणी वाढविलेले नसतात. तीन टनांची गाडी दोनशे मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे अठरा लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. गाडी गिअरमध्ये असेल तर तीतील बराच वाटा एंजिन शोषून घेते. न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सारा भार ब्रेकच्या लायनरवर पडतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर तिचाही भार त्यांच्यावरच येतो. तापलेले लायनर धरीनासे होते, आणि हे कळते ते वळणावर. म्हणून जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढतात त्याच गिअरमध्ये तो उतरतात.