खर्डा पुरा झाल्यावर
कथालेखन : लेखांक नववा

कथेच्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली की हाती येतो तो कच्चा खर्डा. तो लगेच कुणाच्या हाती देऊ नये. लिहिणाऱ्याच्या डोक्यात या वेळी दोन कथा असतात, एक मनात योजलेली आणि दुसरी कागदावर उतरलेली, आणि वाचताना पहिली गुपचूप दुसरीची भोके बुजवत जाते. नायिकेने नोकरी का सोडली हे कथेत कुठेच आलेले नाही, पण लेखकाला ते ठाऊक असल्यामुळे त्याला उणीव जाणवत नाही. मनातली कथा पुसट व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. तोवर खर्डा कपाटात राहिलेला बरा.

बाहेर काढल्यावर पहिले वाचन मोठ्याने आणि हाती लेखणी न घेता करावे. डोळा ज्या वाक्यावरून घसरून जातो तिथे जीभ अडखळते. संवाद खोटा असेल तर तो उच्चारताना वाचणाऱ्याला स्वतःलाच संकोच वाटतो. पहिल्या कथेची खरी सुरुवात पुष्कळदा दुसऱ्या पानावर सापडते. त्याआधीची पहाट, पाऊस, एसटी स्टँडवरची गर्दी ही लेखकाला कथेत शिरण्यासाठी हवी होती. वाचक त्याआधीच शिरलेला असतो. शेवटचा परिच्छेदही असाच संशयित. घडायचे ते घडून गेल्यावर तो त्याचा अर्थ सांगत बसला असेल, तर काढून पाहावा. काही अडत नसेल तर तो नकोच होता.

मराठी खर्ड्यात आणखी एक गोष्ट हटकून तपासावी लागते. निवेदनात ‘केले, गेले, माणसे’ आणि मध्येच ‘केलं, गेलं, माणसं’ अशी सरमिसळ नवख्याच्या कथेत दर दोन पानांना आढळते. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. उच्चाराप्रमाणे लिहायच्या अनुस्वारयुक्त रूपांनाही त्यांत जागा आहे. निवेदन लेखी वळणाचे ठेवून पात्रांना बोलू द्यावे, की सगळी कथाच बोलीत सांगावी, हा ज्याच्या त्याच्या कथेचा प्रश्न आहे. दोन्ही वाटांनी उत्तम कथा लिहिल्या गेल्या आहेत. मात्र वाट एकदा धरली की पान बदलले म्हणून ती बदलू नये.

यानंतर पहिला वाचक. घरची माणसे या कामाला फारशी उपयोगी नसतात. ती कथेपेक्षा लेखकाला वाचतात, आणि कथेतली सासू कोण आहे याचा शोध लावतात. नियमाने कथा-कादंबऱ्या वाचणारा, शक्यतो स्वतः न लिहिणारा एखादा परिचित मिळाला तर सोने. ‘आवडली का?’ या प्रश्नाला सभ्य माणूस एकच उत्तर देतो. कुठे कंटाळा आला, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले, अमुक पात्र शेवटी काय करणार असे वाटले होते, असे विचारले तर कामाचे काही हाती लागते. वाचकाने दाखवलेली जागा सहसा दुखरीच असते. त्याने सुचवलेला उपाय मात्र जसाच्या तसा घेऊ नये, कारण तो त्याच्या मनातल्या निराळ्याच कथेचा असतो.

मित्रमंडळीत केलेल्या वाचनालाही मर्यादा आहेत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे फड गाजवले, पण त्यांच्या कथा छापील पानावरही उभ्या होत्या. नवख्या लेखकाच्या बाबतीत पुष्कळदा आवाजच कथेला तारून नेतो.

सुधारलेली प्रत काढण्याचे काम यांत्रिक असले तरी संपादकाशी पहिली गाठ तिथेच पडते. पूर्वी पाठकोऱ्या फुलस्केपवर, डावीकडे समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे लागे. नापसंत हस्तलिखित परत हवे असल्यास पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडावे लागे. आता मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला हवा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. सोबतचे पत्र चार ओळींचे पुरे. त्यात कथेचे नाव, अंदाजे शब्दसंख्या आणि संपर्काचा पत्ता असावा. कथेचा आशय पत्रात समजावून सांगितलेला असला की संपादकाला आधीच शंका येते.

पाठवायची कुठे, हा प्रश्न मराठीत दिवाळीशी बांधलेला आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, आणि पुढे कथेची मोठी बाजारपेठ वर्षातून एकदा, ऐन सणात भरू लागली. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असला तरी त्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीनंतर पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहते. ज्या अंकाकडे कथा पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक तरी वाचलेले असावेत. विनोदी अंकाकडे गेलेली गंभीर कथा वाईट म्हणून परत येत नाही, पत्ता चुकला म्हणून येते.

एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी. दोन अंकांत एकच कथा एकदम छापून आली तर दोन्ही दारे बंद होतात. तीन महिने वाट पाहून, विनयाने एकदा विचारणा करून, मग दुसरीकडे पाठवायला हरकत नाही.

‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकांच्या पिढ्यान् पिढ्यांनी पचवले आहेत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’कडून तर पसंत पडू पाहणारी कथाही सूचनांच्या पत्रासह परत येई, लेखक ती पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. या मासिकाच्या वर्चस्वाविरुद्ध १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी त्याच्या अंकाची होळी केली. सायक्लोस्टाइल केलेले स्वतःचे अंक काढून त्यांनी संपादकाच्या होकाराची अटच काढून टाकली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. कथेवर इतका वेळ घालवणारा संपादक आज विरळा, म्हणून कारणांसह आलेला नकार जपून ठेवावा. नुसता नकार कथेविषयी फारसे काही सांगत नाही. कधी पाने भरलेली असतात, कधी त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असते.

स्वीकाराचे पत्र आले की हक्कांचा विचार करावा लागतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) कथा लिहिली जाते त्याच क्षणी लेखकाचा स्वामित्वहक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र संरक्षण मिळते ते शब्दांत उतरलेल्या कृतीला. नुसती कल्पना कुणाच्याच मालकीची नसते. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. अंकात एकदा छापण्याची परवानगी देताना भाषांतर, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचे हक्क आपल्याकडेच राहतील एवढे एका ओळीत लिहून घ्यावे. मानधन किती, हेही छापण्याआधीच विचारावे. मराठीत हा प्रश्न विचारायला लेखक लाजतात, आणि न विचारलेले मानधन सहसा येत नाही.

या सगळ्या वाट पाहण्यात महिने जातात, तेवढ्यात दुसरी कथा लिहून होते. कथासंग्रहाचा विचार दहा-बारा कथा जमल्यावर करावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. पुस्तकाच्या खर्चाचे पैसे लेखकाकडून मागणारेही भेटतात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण हिशेब नीट तपासावा. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे पैसे बिलात दिसले तर बाकीचे आकडेही संशयाने पाहावेत. लेखक स्वतःच प्रकाशक झाला तर १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदाही त्याला लागू होतो. प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत त्याने स्वखर्चाने पोचती करायची असते.