*हप्ता जमा झाला म्हणतात, पण पासबुकात नाही? आधी हे तपासा*

पीएम किसानचा हप्ता आला की ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो: "पोर्टलवर जमा दाखवतंय, मग माझ्या खात्यात का नाही?" बऱ्याचदा पैसे आलेले असतात, पण आपल्याच दुसऱ्या खात्यात.

*असं का होतं?*
कंपनी तुमच्या मालाचे पैसे तुम्ही दिलेल्या खाते नंबरवर पाठवते. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये (२००० चे तीन हप्ते) मात्र आधार नंबरवर सोडले जातात. कोणत्या आधारला कोणती बँक, याची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. तिथे एका आधारला एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. मोबाईलच्या दुकानात अंगठा देऊन नवीन खातं उघडलं आणि फॉर्मवर डीबीटीला संमती गेली, की पुढचा हप्ता तिकडे वळतो.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, शून्य शिल्लकेवर खाती निघाली. त्याला आधार जोडून सरकारने मधले हात काढले. रस्ता सरकारने केला. पत्ता बरोबर आहे का, हे आपणच बघायचं.

*काय करायचं?*
१) मायआधार वेबसाईटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, त्यावर ओटीपी येतो.
२) दुसरी बँक दिसली तर घाबरू नका. पैसे बुडालेले नाहीत. गावातल्या बँक मित्राला त्या बँकेचं नाव सांगा. अंगठ्यावर शिल्लक कळते, पैसेही काढता येतात.
३) बँक बदलायची असेल किंवा स्टेटस इनॲक्टिव्ह असेल, तर हव्या त्या शाखेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग'चा फॉर्म भरा. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका. केवायसीला आधार देणं वेगळं, सीडिंग वेगळं. फॉर्मची पोच घ्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

*सावध राहा*
पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

अडलं तर आधार, पासबुक आणि मोबाईल घेऊन ऑफिसात या, सोबत बसून बघू. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या शेजाऱ्यांनाही हे सांगा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी