पॉलिशनंतर गाडीवर जाळी का दिसते?

वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली लखलखणारी काळी गाडी दुपारच्या उन्हात उभी केली आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेषांची जाळी उमटली, हा अनुभव पॉलिश करून घेणाऱ्या अनेकांना येतो. काही गाड्यांवर जाळीऐवजी धुरकट पट्टे दिसतात आणि आपण चालू लागलो की तेही सरकतात. मालक म्हणतो, पॉलिशवाल्याने रंग खराब केला. कारागीर सांगतो, हे आधीपासून होतंच. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. कोणाचं किती खरं ते तपासता येतं, आणि तपासल्याशिवाय पुन्हा मशीन लावणं धोक्याचं आहे.

आजच्या गाडीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. पॉलिश करताना झिजतो तो एवढाच थर. जुन्या प्रीमियर पद्मिनीला रंग आणि चमक एकाच थरात असे. ती घासली की फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि काहीतरी गेलं हे डोळ्यांना दिसायचं. आता फडक्यावर रंग येत नाही, पण थर जातच असतो.

पॉलिश करणं म्हणजे ओरखडे पुसून टाकणं, असा सार्वत्रिक समज आहे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेबद्दल वेगळंच सांगितलं आहे. घासायची पूडही काचेवर ओरखडेच पाडते. पूड जितकी बारीक, तितके ओरखडे बारीक, आणि शेवटी ते दिसेनासे होतात. गाडीच्या कंपाउंडमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. ते जुन्या ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणतात आणि स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखड्यांची खोली त्याहून बरीच कमी झाली की पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत वाटतो. त्यामुळे जाड कंपाउंड मारून थांबलेलं काम अर्धवट असतं. त्यावर बारीक पॉलिशचा हात फिरला नाही, तर धुरकटपणा राहणारच.

जाळी गोल का दिसते, ही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. ओरखडे मुळात गोल नसतात. फडक्यात अडकलेल्या धुळीने पाडलेले ते वेडेवाकडे, सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रत्येक ओरखडा ही एक बारीक चर असते आणि ती आपल्या लांबीच्या काटकोनात प्रकाश फेकते. सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडलंय, त्याच्याभोवती वर्तुळाकार दिशेत बसणारे ओरखडेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश पाठवू शकतात. बाकीच्यांचा प्रकाश भलतीकडे जातो. घरात करून बघायचं असेल, तर रोज घासलं जाणारं स्टीलचं ताट एका बल्बखाली धरा आणि हळूहळू हलवा. वर्तुळं ताटाबरोबर न जाता बल्बच्या प्रतिबिंबाबरोबर सरकतील.

ट्यूबलाइट हे सगळं लपवते, कारण तिचा प्रकाश लांबरुंद पसरलेला असतो. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो; असा छोटा, प्रखर स्रोत एकेक चर उघडी पाडतो. पांढऱ्या गाडीचा बेस कोटच इतका प्रकाश परत पाठवतो की ओरखड्यांची चमक त्यात हरवते. काळ्या रंगावर मागून काहीच येत नाही, म्हणून तिथे सगळं दिसतं.

सरकणारे धुरकट पट्टे मात्र खुद्द मशीनचे. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात. साधं रोटरी मशीन पॅडला एकाच अक्षाभोवती फिरवतं, त्यामुळे बारीक ओरखडे शिस्तीने एकाच वळणाचे पडतात आणि त्यांचा प्रकाश एका कोनातून एकदम दिसतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये पॅड फिरताना केंद्रापासून सरकतही राहतो, त्यामुळे कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाहीत. पट्टे दिसले तर मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश आणि ड्युअल अ‍ॅक्शन मशीन एवढ्याने ते बहुधा जातात. पुन्हा जाड कंपाउंड लावायचं कारण नाही.

आता तिसरी शक्यता, आणि मला ती सगळ्यात खटकते. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी स्वच्छ दिसते आणि चार-पाच धुण्यांनंतर जुनी जाळी परत येते. पुष्कळ पॉलिशमध्ये तेलं आणि भराव घालणारे पदार्थ असतात. ते चरीत जाऊन बसतात. त्यांचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या जवळपास, म्हणजे दीडच्या आसपास असल्यामुळे प्रकाशाला तिथे चर आहे हेच कळत नाही. शाम्पूने तेल निघालं की ओरखडा होता तिथेच असतो. गाडी ताब्यात घेताना एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कपड्याने फिरवून टॉर्चखाली बघितलं, की काम खरं आहे की भरलेलं ते तिथल्या तिथे कळतं. नव्याने पेंट केलेल्या भागावर हा प्रयोग करू नका. तो रंग पूर्ण सुकायला काही आठवडे लागतात आणि घाईने केलेलं पॉलिशही त्यावर टिकत नाही.

काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर राहिलेलं पांढरं पॉलिश मऊ ब्रशने निघतं, त्याची चिंता नको. बोअरवेलच्या जड पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेल्या गाडीवरचे क्षाराचे डाग पातळ व्हिनेगरने विरघळतात. लगेच साध्या पाण्याने धुवा.

खरी काळजी घ्यायची ती कडांची. दाराची धार, बॉनेटची घडी अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच एकवटतो. नख अडकेल इतका खोल ओरखडा पूर्ण काढायचा हट्ट धरू नका, कारण त्याच्या तळापर्यंत जायचं तर भोवतालचा थर तेवढाच उतरवावा लागतो. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं असतात. थर पातळ झाला की ते किरण बेस कोटपर्यंत पोहोचतात, दोन्ही थरांची पकड सुटते आणि काही वर्षांनी छतावर, बॉनेटवर पापुद्रे निघू लागतात. त्यावर कोणतंही पॉलिश चालत नाही. तो भाग पुन्हा पेंटच करावा लागतो.

म्हणून दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश मारून टाका’ असं सांगणं आधी थांबवा. गाडी देण्यापूर्वी जाडी मोजायचं यंत्र आहे का, मशीन कोणतं वापरणार, आधी एका छोट्या भागावर करून दाखवाल का, हे तीन प्रश्न विचारा. आणि सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांना कोरड्या धुळीवर फडकं फिरवू देऊ नका. त्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. एवढं सांभाळलं तर मशीन लावायची वेळ फार क्वचित येते.