फायबर घ्या, पण दमानं!

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आठवतंय? भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ते जाहीर केलं आणि ‘गावाकडचं खाणं’ म्हणून बाजूला पडलेल्या ज्वारी, बाजरी, नाचणी एकदम हिरॉइन झाल्या. डब्यात नाचणीची बिस्किटं, कॅफेत बाजरीचा पिझ्झा! सगळं मस्तच. पण ज्याचं पोटच नाजूक, त्याने काय करायचं?

मी त्याच जमातीतली. आजाराचं नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. रिपोर्ट सगळे नॉर्मल, आतडं मात्र भलतंच हळवं. हसू नका, ठाणे ते परळ रोज लोकलने जाणाऱ्यासाठी हा चेष्टेचा विषय नाही. लोकलमध्ये टॉयलेट नसतं! दहाची मीटिंग गाठणार की नाही, हे सकाळच्या नाश्त्यावर ठरतं. मैत्रिणीच्या केळवणालाही आधी मेन्यू विचारून जावं लागतं.

अशा वेळी ‘फायबर वाढव गं’ हा सल्ला प्रत्येकाकडे तयार असतो. पण सगळं फायबर एकसारखं नसतं ना! गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही. हळव्या आतड्यात तो दुखणं आणि पोट फुगणं वाढवू शकतो. इसबगोल आणि ओट्समधलं विरघळणारं फायबर पाणी धरून मऊ जेलसारखं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने २०२१ साली आयबीएससाठी शिफारस केली ती याच विरघळणाऱ्या फायबरची.

दुसरी फॅशन म्हणजे ‘ग्लुटेन सोड’. पण गहू सोसत नसेल तर दर वेळी दोष ग्लुटेनचाच असतो असं नाही. गव्हात आणि कांदा-लसणातही फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू ती आंबवतात आणि गॅस धरतो. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीत विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार असेच पदार्थ काही आठवडे कमी करून, मग एकेक परत आणून बघतो. तांदूळ आणि ज्वारीत फ्रुक्टॅन गव्हापेक्षा बरंच कमी. मात्र गहू बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारून सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या. आधीच गहू सोडला असेल, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

माझ्या डाएटिशियनने घालून दिलेला नियम अगदी साधा आहे: एका वेळी एकच नवं धान्य. बेस ठरलेला, मऊ भात, मुगाचं वरण, तूप. त्यात आठवडाभर दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी. जमली तर एक. सोबत पाणी भरपूर आणि एक छोटी वही. वहीत खाणं तर लिहायचंच, शिवाय झोप, पाळी आणि डेडलाइनही, कारण पोटाला टेन्शनही कळतं!

वहीचा आजवरचा निकाल? ज्वारी पास. नाचणी आंबील म्हणून पास, लाडू म्हणून काठावर. पोळी एक चालते, तीन नाही. राजमा सपशेल नापास. भाजणीचं थालीपीठ सर्वांत शेवटी, कारण त्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद सगळे एकत्र. पोट बिघडलं तर पकडायचं कुणाला? मल्टिग्रेन आट्याचंही तेच.

एक मात्र लक्षात ठेवा. शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, अ‍ॅनिमिया किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर वही बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा.

बाकी नाजूक पोट म्हणजे जन्मभर दहीभात नव्हे. यादी रोज छोटी करत जाण्यापेक्षा हळूहळू मोठी करायची, गंमत त्यातच आहे. पुढच्या वेळी मावशी आग्रहाने भाकरी वाढायला आल्या, की गोड हसून सांगा, ‘आज अर्धीच हं मावशी. उरलेली पुढच्या आठवड्यात!’