सामनाकार्यक्रम-काठिण्य (महाविद्यालयीन बास्केटबॉल)

एखाद्या संघाच्या वाट्याला हंगामात आलेले सामने इतर संघांच्या सामन्यांच्या तुलनेने किती अवघड होते, याचे संख्यात्मक मापन. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठसंघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या समूहांत विभागलेले असून त्यांच्या प्रथम विभागात साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य असल्याने राष्ट्रीय बाद स्पर्धेसाठी संघ निवडताना केवळ विजयांची संख्या पाहून भागत नाही. या स्पर्धेतील संघांची संख्या २०११ मध्ये ६८ झाली. कॉन्फरन्स-विजेत्यांच्या जागा वगळता बाकीच्या जागा निवड समिती भरते. त्यांपैकी शेवटच्या दोनचार जागांच्या बाबतीत, कोणाला कोणाशी खेळावे लागले, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो.

कॉन्फरन्स लहान असताना हा प्रश्न अंतर्गत सामन्यांपुरता फारसा उद्‌भवत नसे. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिपक्षाच्या क्रीडांगणावर खेळे. आठ संघांच्या आयव्ही लीगमध्ये ही दुहेरी साखळी पद्धती (१४ सामने) टिकून आहे. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्येही दहा संघ असताना, २०२३ पर्यंत, १८ सामन्यांची दुहेरी साखळी ठरविली जाई. तथापि अशा साखळीतही काठिण्य सर्वांना तंतोतंत समान नसते. कारण कोणताही संघ स्वतःशी खेळत नाही. सर्वांत बलवान संघाला सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी टळतो, म्हणून त्याचा कार्यक्रम किंचित सोपा असतो, तर तळाच्या संघाचा किंचित अवघड असतो.

कॉन्फरन्सचा विस्तार झाल्यावर खरा असमतोल निर्माण झाला. २०२४-२५ च्या हंगामात बिग टेन कॉन्फरन्समध्ये (नाव जुनेच, संघ मात्र १८) प्रत्येक संघाला २० सामने होते : तीन प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी दोन आणि उरलेल्या चौदांशी प्रत्येकी एक. म्हणजे दोन संघांच्या कार्यक्रमांतील मुख्य फरक त्या तीन जादा सामन्यांत येतो. सामन्यातील गुणांच्या फरकाचे अपेक्षेपासूनचे प्रमाण विचलन सुमारे ११ गुण मानले, तर मध्यम प्रतीच्या संघाला आपल्याहून ८ गुणांनी सरस प्रतिस्पर्ध्याविरुद्ध विजयाची संभाव्यता सु. ०·२३ आणि तितक्याच दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सु. ०·७७ येते. एकाचे तिन्ही जादा सामने पहिल्या प्रकारचे व दुसऱ्याचे दुसऱ्या प्रकारचे असल्यास, क्रीडांगणाचा लाभ बाजूला ठेवूनही, समान कुवतीच्या या दोन संघांत सु. १·६ विजयांचे अंतर पडते. चुरशीच्या क्रमवारीत एवढ्याने अनेक स्थाने बदलतात. एकाच सामन्याची गाठ असेल तेथे तो कोणाच्या क्रीडांगणावर झाला, हेही पाहावे लागते. शिवाय २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील चार विद्यापीठे बिग टेनमध्ये आल्याने न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रवास एकाच कॉन्फरन्समध्ये घडू लागला. त्याचा शीण मोजण्याचे सर्वमान्य साधन नाही.

मापनाची जुनी अधिकृत रीत म्हणजे १९८१ मध्ये आलेला आर. पी. आय. हा निर्देशांक. त्यात स्वतःच्या विजयप्रमाणाला २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला २५ टक्के भार असे. प्रतिस्पर्ध्याचे विजयप्रमाण काढताना त्याचे संबंधित संघाशी झालेले सामने वगळीत. हे वगळणे योग्यच होते, परंतु त्यामुळे पूर्ण दुहेरी साखळीत प्रत्येक संघाच्या प्रतिस्पर्ध्यांचे परस्परांतील सरासरी विजयप्रमाण नेमके ०·५०० येते, मग कॉन्फरन्स बलाढ्य असो वा सामान्य. अंतर्गत सामन्यांवरून काठिण्याचा काहीच बोध होत नाही. जो फरक दिसतो तो कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांतून येतो. दुबळ्या संघाला हरवूनही निर्देशांक घसरण्याचा विचित्र प्रकार या सूत्रात संभवे.

अधिक समाधानकारक मार्ग म्हणजे सर्व संघांचे सामर्थ्य सर्व निकालांवरून एकत्रितपणे काढणे. त्सेर्मेलो यांनी १९२९ मध्ये बुद्धिबळासाठी आणि ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ मध्ये जोडीने केलेल्या तुलनांसाठी मांडलेली प्रतिमाने या स्वरूपाची आहेत. त्यांतही प्रतिस्पर्ध्यांच्या सामर्थ्याची केवळ सरासरी फसवी ठरते. समजा, एका कार्यक्रमात एक अतिशय बलवान व एक अतिशय दुबळा प्रतिस्पर्धी आहे आणि दुसऱ्यात दोन मध्यम प्रतीचे आहेत. सरासरी सारखीच असली, तरी अग्रगण्य संघाला पहिला कार्यक्रम अवघड जातो, कारण दुसऱ्यातील दोन्ही सामने तो बहुधा जिंकतोच. उलट तळाच्या संघाला पहिलाच सोयीचा, कारण त्यात निदान एका विजयाची आशा असते. म्हणून काठिण्य कोणत्या प्रतीच्या संघाच्या दृष्टीने मोजावयाचे, हे आधी ठरविणे आवश्यक असते.

पुरुषांच्या स्पर्धेसाठी २०१८-१९ पासून आर. पी. आय.ऐवजी ‘नेट’ ही क्रमवारी वापरात आली. तिच्या आधारे सामने चार गटांत मांडले जातात. स्वतःच्या क्रीडांगणावर पहिल्या ३०, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० किंवा प्रतिपक्षाच्या क्रीडांगणावर पहिल्या ७५ संघांपैकी एकाशी झालेला सामना पहिल्या गटात धरतात. स्थळाची दखल घेणारी ही पद्धत स्वागतार्ह आहे. मात्र तिसाव्या व एकतिसाव्या क्रमांकांत खेळाच्या दृष्टीने जवळजवळ फरक नसताना गट बदलतो. कॉन्फरन्सची स्वतःची क्रमवारी तर आजही विजय-पराजयांवरूनच लागते आणि तीत कार्यक्रमाच्या काठिण्याला वेगळे गुण नाहीत.